मुख्याध्यापकांच्या खोलीतला वर्ग

यंदा शंभर टक्के हजेरीची ढाल शाळेला मिळवून द्यायचीच, असं मुख्याध्यापक धनवडे सरांनी ठरवलं होतं. म्हणून सहावीतल्या चार मुली तापानं फणफणलेल्या असूनही खोकत शाळेत आल्या.

"सर, हा फ्लू दिसतोय. यांना घरी पाठवूया," वर्गशिक्षिका वैजयंताबाई म्हणाल्या.

"साधं पडसं आहे! त्यासाठी हजेरी मोडायची नाही," सर गरजले.

बाईंनी त्या चौघींना सरांच्याच टेबलाभोवती आणून बसवलं.

"हे काय, बाई?"

"वर्गात चाळीस जणांना लागण होईल, सर. तुम्हाला तर हे साधं पडसंच वाटतं. मग बऱ्या होईपर्यंत यांचा वर्ग इथेच."

तेवढ्यात एकीला सटासट शिंका आल्या. सरांनी घाईघाईनं नाकाला रुमाल लावला.

"घरी पाठवा यांना! बऱ्या झाल्याशिवाय येऊ देऊ नका!"

"आणि ढाल?"

"ढाल गेली खड्ड्यात! आधी ती खिडकी उघडा!"