नायकाची बंदूक

"मग ही बंदूक मला दिलीत कशाला? नुसती पुसत बसायला?"

फिक्सिकोचा आवाज चढला तसं नोकोसी मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

फ्लोरिडाच्या दलदलीतलं एवढंसं बेट. सेमिनोल या आदिवासी टोळीतले उरलेसुरले चाळीस जण गोऱ्या सैनिकांपासून तिथे लपून होते. त्यांच्यात मुलाला शिकवायचं ते आईच्या भावाने, म्हणून मामा हेच गुरू. पण भाच्याला आता शिकायचं होतं कुठे? टोळीच्या गेलेल्या नायकाची बंदूक हाती आल्यापासून स्वारी नायकाच्याच ऐटीत वावरत होती.

लव्हाळ्यापलीकडे वल्ही वाजली.

सैनिकांची नाव. पुढे उभा होता तो तांबड्या दाढीचा कप्तान. यानेच पांढरं निशाण दाखवून नायकाला बोलणी करायला बोलावलं होतं, आणि बेड्या ठोकल्या होत्या. नायक किल्ल्याच्या कोठडीतच मेला.

फिक्सिकोचं रक्त उसळलं. त्याने नेम धरला.

पन्नास पावलं... चाळीस...

मामा चुलीपाशी वाकले. चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली लाकडं त्यांनी एकेक करून मागे ओढली. धूर विरला.

मग ते आले आणि बंदुकीच्या तोंडावर त्यांनी आपला तळवा ठेवला.

"मामा, सरका."

"मागून आणखी तीन नावा येताहेत."

"येऊ देत. हा एक तरी मरेल!"

मामा हलले नाहीत.

मागे गवतात कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं. आईने त्याला घट्ट छातीशी धरलं. कप्तानाने मान वळवून बेटाकडे पाहिलं. फिक्सिकोचं बोट चापावरच होतं...

नाव पुढे गेली. मागच्या तिन्हीही गेल्या.

फिक्सिकोने बंदूक टाकून दिली. रागाने आणि शरमेने त्याला रडूच कोसळलं.

"हातचा वैरी घालवलात, मामा! माझ्या जागी नायक असता तर?"

"होता."

"म्हणजे?"

"याच बेटावर. हीच बंदूक घेऊन. समोर असाच एक कप्तान होता, याच्याहून जवळ."

फिक्सिकोने डोळे पुसले. "मग? लोळवला ना त्याला?"

मामांनी पडलेली बंदूक उचलली.

"मागे गवतात तुझी आई होती," ते म्हणाले. "पोटुशी."