टिटवीच्या पुस्तकाचा धागा

एका जंगलात एक धनेश राहत असे. चोच भली मोठी, चोचीवर शिंगासारखा उंचवटा, बोलणे सावकाश आणि बोलण्याआधी घसा खाकरण्याची सवय. एवढ्या भांडवलावर जंगलाने त्याला विद्वान ठरवून टाकले होते. कोणाचेही पुस्तक निघाले की लिहिणारा ते घेऊन धनेशरावांकडे जाई, आणि धनेशराव दोन शब्द बोलत. ते नेहमी तेच असत. "भाषा प्रवाही आहे," असे ते म्हणत, आणि लिहिणारा खूश होऊन घरी जाई.

हो मुलांनो, त्या जंगलात पुस्तके निघत. पळसाची रुंद पाने सावलीत वाळवायची, हिरड्याच्या शाईत साळिंदराचा काटा बुडवून त्यांवर लिहायचे आणि पाने देठाकडून शिवून टाकायची. वाऱ्याने ती फडफडू नयेत, आत किडा शिरू नये, म्हणून कोळी मोकळ्या कडेला प्रत्येक दोन पानांमध्ये एकेक धागा घालून देई. पहिल्या वाचणाऱ्याने पान उघडले की तो धागा तुटे आणि 'टक्' असा बारीक आवाज होई. म्हणून त्या जंगलात "पुस्तक वाचलंत का?" असे कोणी विचारत नसे. "धागा तोडलात का?" असे विचारत. पुस्तकाची प्रत एकच असे आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत जाई.

मी सांगतो आहे ते वर्ष पुस्तकांचे गेले. पळसाला पाने भरपूर आली होती आणि ज्याला काटा धरता येत होता तो प्रत्येक जण लेखक झाला होता. सशाची कादंबरी पहिल्या पानापासून धावत सुटली आणि शेवट येण्याआधीच बिळात शिरली. अस्वलाचे आत्मचरित्र ज्या फांदीवर ठेवले ती फांदी मोडली. मोराने कवितासंग्रह काढला, त्यातल्या प्रत्येक कवितेत मोर होता. माकडाच्या प्रवासवर्णनात जंगलातली सगळी झाडे होती, फक्त ज्यावरून ते पडले होते ते झाड नव्हते. कावळ्याने इतरांच्या पुस्तकांत काय वाईट आहे यावर एक पुस्तक लिहिले. त्याचे धागे मात्र पहिल्याच दिवशी तुटले.

याच गर्दीत एक अगदी पातळ पुस्तक आले. वरच्या पानावर नाव होते 'उजेड', आणि लिहिणारी होती टिटवी.

टिटवी नदीकाठच्या खडीत एकटी राहत असे. तिला लिहिता येते हे कोणाला माहीत नव्हते. ती ओरडते एवढेच माहीत होते, आणि ते कोणाला आवडत नसे. तिचा आवाज अपशकुनी, तिन्हीसांजेला तिचे नाव घेऊ नये, असे आया पिल्लांना सांगत. तिने पुस्तक पहिल्यांदा दिले ते हरिणीला. देताना ती म्हणाली, "वाचून झालं की मला सांगा हं, हरिणीताई. बरंवाईट जे वाटेल ते सांगा. मला ते हवंय."

हरिणीने पुस्तक घरी नेले. वाचायचे तिच्या मनात खरोखर होते. पण कोवळे गवत आले, मग पाडसाच्या पायात काटा मोडला, मग पाहुणे आले. पुस्तक होते तिथेच राहिले. एक दिवस पाणवठ्यावर टिटवी समोर आली आणि हरिणीच्या तोंडून निघून गेले, "सुरेख लिहिलंयस गं." टिटवीची मान वर झाली. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली आणि तिने विचारले, आणखी काही? हरिणी म्हणाली, आणखी काय, छानच आहे. टिटवी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग खडीकडे परत गेली.

पुढे पुस्तक सशाकडे गेले. सशाने पाहिले तर सगळे धागे जिथल्या तिथे. हरिणीने एकही पान उघडले नव्हते हे त्याला कळले, पण बोलायचे कसे? बोलले की आपल्याला वाचावे लागणार. त्यानेही टिटवीला "फारच छान" म्हणून पुस्तक अस्वलाकडे सरकवले. अस्वलाने धागे पाहिले आणि त्याला उलट हायसे वाटले. पुढे मोर, माकड, कावळा, सगळ्यांनी ते पुस्तक घरी ठेवून घेतले, सगळ्यांनी धागे पाहिले आणि कोणी कोणाचे नाव काढले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. टिटवीला प्रत्येकाने काही ना काही चांगलेच सांगितले. मोर तर म्हणाला, लिहीत राहा. ती प्रत्येकासमोर तशीच थोडा वेळ उभी राहायची. प्रत्येकाला वाटायचे, हिला कौतुक अजून हवे आहे.

थंडी सरता सरता दरवर्षी बेहड्याच्या झाडाखाली सभा भरे आणि वर्षाचे उत्तम पुस्तक निवडले जाई. बक्षीस काय होते माहीत आहे? पाणवठ्याजवळ एक जुना अर्जुनवृक्ष होता. त्याच्या उंच ढोलीत पाऊस जात नसे आणि वाळवी चढत नसे. निवडलेले पुस्तक त्या ढोलीत ठेवत. बाकीची पुस्तके पुढच्या पावसाळ्यात कुजून जात. म्हणून त्या दिवसांत लेखकांना झोप येत नसे. परीक्षक अर्थातच धनेशराव होते.

सगळी पुस्तके त्यांच्या झाडाखाली येऊन पडली. वाचायचे त्यांच्याही मनात होते, पण उंबर नेमके त्याच वेळी पिकले. त्यात लेखक भेटायला येऊ लागले. अस्वल सहज म्हणून आले आणि यंदा मध कसा भरपूर आहे ते सांगून गेले. मोर सहज म्हणून आला. कावळाही आला, आणि पुढचे पुस्तक आपण परीक्षकांवर लिहिणार आहोत असे म्हणाला. धनेशरावांना घाम फुटला. एकाला दिले तर दुसरा रुसणार, दुसऱ्याला दिले तर तिसरा चोच मारणार. तेवढ्यात त्यांना ढिगाच्या तळाशी ते पातळ पुस्तक दिसले. टिटवी एकदाही भेटायला आली नव्हती. तिला बक्षीस मिळाले म्हणून जळणारे जंगलात कोणी नव्हते. आणि नाव तरी किती सोयीचे, 'उजेड'. भाषण जणू आपले आपणच तयार झाले.

सभेच्या दिवशी सगळे बेहड्याखाली जमले. धनेशरावांनी घसा खाकरला आणि टिटवीचे नाव घेतले. एक कुजबूज उठली, मग सर्वांनी मान डोलावली. आपल्याला नाही तर निदान शेजाऱ्यालाही नाही, याचे समाधान मोठे असते. टिटवी पुढे येऊन उभी राहिली. धनेशराव बोलू लागले. या पुस्तकात पहाटेची कोवळी आशा आहे, म्हणाले. कर्कश समजल्या गेलेल्या एका कंठातून किती गोड गाणे निघाले आहे पाहा, म्हणाले. वाचताना आपण कितीदा तरी खुदकन हसलो, असेही म्हणाले. धागे तोडायचे सोडून ते अकलेचे तारे तोडत होते. आणि भाषा प्रवाही होतीच. टिटवीची मान खाली होती. 'हसलो' हा शब्द आला तेव्हा तिने ती वर केली आणि धनेशरावांकडे पाहिले.

आता रीत अशी होती की, परीक्षकाने आपल्याला आवडलेले पान सभेत वाचून दाखवायचे. धनेशरावांना त्याची काळजी नव्हती. पुस्तक वर्षभर घराघरांतून फिरले आहे, कोणी ना कोणी ते मोकळे केलेच असणार, कुठलेही पान काढू आणि वाचू, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी चोच पानांत घातली.

टक्.

आवाज एवढासा, पण सभेत असे कोणी नव्हते ज्याला तो ऐकू आला नाही. एरवी कोणाची फजिती झाली की कावळा पहिला हसतो. तो आपल्या पायांकडे पाहू लागला. हरिणीने डोळे मिटून घेतले. पुस्तक प्रत्येकाच्या घरी राहून आले होते, त्यामुळे तो धागा कोणाकोणी तसाच ठेवला होता हे प्रत्येकाला ठाऊक होते.

धनेशरावांना थांबता येईना. सभा समोर बसलेली आणि पान उघडलेले. ते वाचू लागले. पुस्तक लहान होते. एक पान संपे, पुढचे उघडावे लागे, पुन्हा तो आवाज होई आणि पुन्हा सगळे अंग चोरून बसत.

टिटवीने लिहिले होते की एके पहाटे डोंगरामागे उजेड दिसला. तिच्या पंखाखाली नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले होती. ती त्यांना म्हणाली, बाळांनो, उजाडलं. मग वाऱ्याबरोबर धूर आला आणि तिला कळले की तो वणवा आहे. जंगल झोपले होते. ती उठली आणि सगळ्या जंगलावरून ओरडत फिरली, गवतावरून, बिळांवरून, घरट्यांवरून. जंगल जागे झाले आणि नदी ओलांडून पळाले.

ती पहाट सभेत सगळ्यांना आठवत होती. टिटवी ओरडली म्हणून वणवा लागला, असे दुसऱ्या दिवशी सगळेच म्हणाले होते. तिच्या पिल्लांचे काय झाले हे विचारायला कोणी गेले नव्हते.

धनेशरावांनी पुढचे पान उघडले. टिटवीची पिल्ले उघड्या जमिनीवर वाढतात. आकाशात ससाणा दिसला की आई ओरडते आणि पिल्लांनी खड्यांना चिकटून निपचित पडायचे असते, तिने हळू हाक मारीपर्यंत जागचे हलायचे नसते. हे ती त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवते. तिच्या पिल्लांनी ते चांगले पाठ केले होते. आई जंगलावर ओरडत होती तेव्हा पिल्लेही ऐकत होती. मग धनेशरावांनी शेवटचे पान उघडले. त्या पानावर एवढेच होते :

"मी परत आले तेव्हा ती ठेवली होती तिथेच होती. माझं ऐकून ती धुरात बसून राहिली. मी ओरडले नसते तर भिऊन पाण्याकडे तरी पळाली असती. मी ओरडायला नको होतं का? ज्यानं वाचलं असेल त्यानं मला एवढं सांगावं."

धनेशरावांनी पुस्तक खाली ठेवले. या वेळी त्यांनी घसा खाकरला नाही.

"टिटवीताई," ते म्हणाले, "मी पुस्तक वाचलं नव्हतं."

"ठाऊक आहे," टिटवी म्हणाली. "कोणीच वाचलं नाही. शेवटच्या पानावर मी विचारलंय. वाचणारा नुसतं छान म्हणून कसा जाईल?"

ती रागाने बोलली असती तर बरे झाले असते. रागावर काहीतरी उत्तर देता येते. तिने आजवर सगळ्यांच्या स्तुतीचे ओझे निमूट उचलले होते, आणि त्या सगळ्या स्तुतीखाली तिचा प्रश्न दडपून गेला होता. आता तो सर्वांसमोर उघडा पडला होता.

हरिणी उठली. तिच्यामागोमाग तिचे पाडसही उठले. त्याला आता शिंगांचे कोंब फुटले होते. टिटवीसमोर येऊन ती म्हणाली, "त्या पहाटे मी तुझ्या आवाजानं उठले आणि याला घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी तुला अपशकुनी म्हटलं ते पहिल्यांदा मीच. ओरडायला नको होतंस असं मी कसं म्हणू, हा इथं उभा आहे. आणि ओरडलीस ते बरं केलंस, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?"

ती तिथेच टिटवीशेजारी बसली.

टिटवी म्हणाली, "एवढं तरी कोणी बोललं."

मग अस्वल चुळबुळत पुढे झाले. काहीतरी करावे म्हणून त्याने पुस्तक उचलले आणि ते अर्जुनाच्या ढोलीकडे निघाले. टिटवीने त्याला थांबवले. "तिथं नको, अस्वलभाऊ," ती म्हणाली. "तिथं ते वाळवीसुद्धा वाचणार नाही. ज्याला मला काही सांगायचं असेल, त्यानं ते घरी न्यावं."

त्या वर्षी ढोली रिकामी राहिली. पुस्तक पुन्हा घराघरांतून फिरले. ज्याने ते वाचले तो खडीत जाऊन आला. उत्तर कोणापाशीच नव्हते. सगळे टिटवीजवळ थोडा वेळ बसत आणि उठून येत. धनेश मात्र कित्येक दिवस खडीच्या कडेपर्यंत जाई, टिटवी दिसली की मागे फिरे. एक दिवस तो मागे फिरला नाही. त्याला कोणी पुन्हा परीक्षक केले नाही, आणि त्यानेही कोणत्या पुस्तकाची भाषा प्रवाही आहे असे पुन्हा कधी म्हटले नाही.

तात्पर्य : पुस्तक वाचले नसेल तर तसे सांगून टाकावे. त्याची लाज थोडी असते आणि ती आपल्यापुरती असते. न वाचता केलेले कौतुक मात्र लिहिणाऱ्याचे तोंड बंद करते, आणि त्याची लाज जन्मभर पुरते.