केवळाबाईची दोन बोटं

खराबी म्हणं. तुमचा साहेब तालुक्याला खुर्चीत बसून, फोटो बघून म्हणतो, भिंतीवरच्या बाईची दोन बोटं झडलीत, तिथं घाण झालीया, भरून घ्या. कधी येऊन बघितलं का त्यानं? तुम्ही पेंटर माणूस, सांगितलं ते करायला आलात, तुमच्यावर राग न्हाई. बसा त्या ओट्यावर, ऐका.

ही कापसाच्या जिनिंगची भिंत, साठ हात लांब. गठाणी वाहणारे गडी, बॉयलरवाला, सरकी काढायच्या रेच्यांपुढं वळीनं बसलेल्या बाया, समदी ह्याच गावची खरी माणसं. सातला भोंगा झाला की तीनशे माणूस फाटकात शिरायचं. सांजच्याला बाहेर पडताना समद्यांच्या केसांत रुई. तरण्या पोरी एकमेकींना "चल गं आज्जे" म्हणत घरी जायच्या.

मधोमध बसलीया ती केवळाबाई. कापूस घालताना तिची दोन बोटं रेच्याच्या रुळात गेली व्हती. मशिनींच्या धडधडाटात बोललेलं ऐकू यायचं न्हाई, नव्या पोरी बघूनच काम शिकायच्या. तिचा हात दिसला की आपला हात वीतभर मागं घ्यायच्या.

जिनिंगच्या शेठनं ही भिंत रंगवायला वीरभद्र नावाचा चितारी आणला. त्यानं केवळाबाईचा हात जसा व्हता तसा काढला. शेठ म्हणाला, चित्राच्या उद्घाटनाला पाव्हणे येणार, बोटं पुरी कर. त्यानं केली.

केवळाबाईनं बघितलं. "शेठ, हा हात कुणाचा?"

"तुझाच की. चित्रात तरी धड राहा, केवळे."

"मी काय जन्माला पुरणार? उद्या मी नसले की पोरी ह्या धड हाताकडं बघून रुळात हात घालतील."

"लई शहाणी. जा, रेच्यावर बस."

चित्रातली ती बोटं जाईस्तोवर रेच्याला शिवणार न्हाई, असा पण करून ती भिंतीखाली बसली. घरी आंधळी सासू, कमावणारी ही एकटी.

असं सांगतात, दुसऱ्या दिवशी भोंग्याला बघितलं तर ती दोन बोटं तेवढी गळून पडलेली, आतली वीट उघडी. चितारीनं भरली, परत गळाली. तीनदा. कुणी म्हणतं देवीनं केलं. कुणी म्हणतं चितारीच टिकू नये म्हणून चुन्यात मीठ कालवायचा. त्याला इचारलं की म्हणायचा, "मला गरिबाला काय ठावं," आन हसायचा.

चौथ्या दिवशी शेठ आला. उघड्या विटेवर हात फिरवला. मग म्हणाला, "ऊठ माय. राहू दे तसंच." पाव्हण्यांसमोर त्यानंच त्या विटेला पहिली हळद लावली म्हणं.

जिनिंग बंद पडली. भोंगा न्हाई, रुई न्हाई, फाटकाला बाभळी आल्या. पण आजही गावची पोरगी सूतगिरणीत लागली की आधी इथं येती, विटेला हळद लावती, मगच मशीनला शिवती. परवा सरपंचाची सून पिठाच्या गिरणीवर बसायच्या आधी येऊन गेली. साहेबाला जी घाण दिसली ना, ती हळद हाय.

गड्यांच्या पागोट्यांचा रंग उडालाय, तिथं लाल द्या खुशाल. ह्या विटेला ब्रश लावायचा न्हाई. उचला तो डबा हितनं. आत्ता.