चुकलेली गोळी

“गोळ्या चालू असताना दिवस जाऊ शकतात ना, बाई?”

डॉक्टर इंदुमती रणदिवे यांनी वर पाहिलं. दारात मैथिली उभी होती. याच दवाखान्यात ती त्यांच्या हाताखाली तयार झाली. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा स्वतःचा दवाखाना होता, आणि तोही नावाजलेला.

“मधे चुकल्या, तर जातात. कुणाला गेलेत?”

“आहे एक पेशंट.”

“शिकलेली?”

“हो... चांगली शिकलेली.”

“मग तिला काय म्हणालीस?”

मैथिलीच्या मुठीत रुमालाचा बोळा झाला होता.

बाई उठल्या. दाराला आतून कडी घातली आणि पेशंटचं स्टूल आपल्या खुर्चीजवळ ओढलं.

“बस.”

त्या स्टुलावर ती आजवर कधी बसली नव्हती. आज बसली.

“लेक तापानं फणफणला होता, बाई. रात्र रात्र मांडीवर. आपण गोळी घेतली की नाही, हेच... आज सकाळी पट्टीवर दोन रेघा आल्या. घरी बोलले नाही अजून. दवाखान्याची घडी आत्ता कुठे बसतेय...”

“तुला हवंय?”

“माहीत नाही.”

“मग आजच्या आज ठरवू नकोस. काहीही ठरव, मी आहे.”

मैथिलीनं रुमाल उलगडून मांडीवर पसरला.

“गेल्या आठवड्यात माझ्याकडे सुगंधा म्हणून एक पेशंट आली होती,” मैथिली खालमानेनं म्हणाली. “चौथ्यांदा दिवस गेलेत तिला. मी म्हटलं, गोळी विसरतेस, जेवायला विसरतेस का कधी? बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. ती मुकाट्यानं उठून गेली... परत आलीच नाही.”

“हं.”

“आणि मी तर डॉक्टर. माझं कसं चुकलं, बाई?”

“तुझी पाळी चुकलीय. तुझं काही चुकलेलं नाही.”

मैथिलीच्या डोळ्यांना धार लागली. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

जरा वेळानं तिनं चाचरत विचारलं, “आणि सुगंधाच्या बाबतीत...?”

बाईंनी हात सोडला नाही.

“तिथं चुकलं. घर ठाऊक आहे ना तिचं?”