अग्नी विझवणारी ऋजुला

पूर्वी त्रेतायुगात, पयोष्णीच्या पुण्यतीरी, जेथे यज्ञधूमाने आम्रवृक्षांची पालवी सदैव धूसर दिसे, तेथे वेदश्रवा नामक महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. त्यांची पत्नी सुमेखला शरदातल्या ज्वराने अकस्मात निवर्तली, तेव्हा त्यांची एकुलती कन्या ऋजुला अजून दुधाचे दातही न पडलेली पोर होती.

आश्रमस्त्रियांनी सुमेखलेला न्हाऊ घातले, भाळी मळवट भरला आणि ऋजुलेला गोशाळेत नेऊन दार ओढून घेतले.

"आई कुठे निघाली?"

"देवाघरी, बाळ."

"मग मला का नाही नेत?"

स्त्रिया लगबगीने निघून गेल्या. पित्याला विचारावे, तर तो आत्म्याच्या अविनाशित्वाचे मंत्र म्हणे आणि मुख फिरवी.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडले गेले.

"तात, हा भात कुणाचा?"

"तुझ्या मातेचा."

"मग कावळ्याला का बोलावता? आईलाच हाक मारा ना!"

"कन्ये, मौन धर!" ऋषी गरजले.

तशी ती संतापाने अग्निशाळेत धावली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या अग्नीवर तिने पाण्याचा कलश उपडा केला. आश्रमात हाहाकार उडाला. शापासाठी ओंजळीत उदक घेऊन वेदश्रवा कडाडले, "कुलघातके, या क्षणी तू..."

तोच विझल्या कुंडातून सप्तजिह्व, सुवर्णकेश भगवान हुताशन प्रकटला. "थांब, तपोधना! मंत्र तुला सारे येतात. या लेकराला एक उत्तर मात्र देववले नाही!" मग आपले तेज आवरून तो तिच्यापुढे बसला. "बाळे, तुझी आई मेली. तिचा देह मी जाळला. ती आता येणार नाही."

"तिला भाजलं?"

"नाही. प्राण आधीच गेला होता."

तेव्हा ती प्रथमच हंबरडा फोडून रडली. कळवळून अग्नी म्हणाला, "वर माग."

"आई दे."

"ते माझ्या हाती नाही."

"मग कसला रे तू देव!"

अग्नीने मान खाली घातली.

"मग यांना तरी खरं बोलायला लाव," ती फणकारली.

"तथास्तु! या कुळात जोवर बालकाला मृत्यू खरा सांगितला जात नाही, तोवर चिता पेटणार नाही."

वेदश्रवांच्या ओंजळीतले उदक गळून गेले. तेव्हापासून त्या कुळात सर्वांत लहान मुलाचा हात धरून वडीलधारे आधी सांगतात, "मेली," आणि मगच अग्नी देतात. मुले ऐकतात, मान हलवतात, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारतात, "ती कधी येणार?" तेव्हा वडीलधाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.