आबांची पाठ

चूक सगळी आबा हुपरीकरांची. नाटक तेच बसवत होते आणि त्यात राजाचं कामही तेच करत होते. कमानीचा रंगमंच, पुढे पडदा आणि समोर प्रेक्षक, एवढंच जग त्यांनी पाहिलेलं. तिथला एक नियम त्यांच्या डोक्यात घट्ट बसला होता: प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. यंदा नाट्यगृहाचं छप्पर गळायला लागलं, म्हणून प्रयोग कुस्तीच्या आखाड्यात ठरला. मधे माती, चारही बाजूंना प्रेक्षक. तरी म्हाताऱ्याचं आपलं तेच.

तालमीत राणीचं काम करणारी जाई मुळीक जरा वळली, की आबा कडाडले, "पाठ दिसली! आता ज्याची पाठ दिसेल त्याची भूमिका गेली. मग तो कुणी का असेना!"

जाईला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती. भांडून आबा ऐकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने मंडळींना चारही कट्ट्यांवर बसवलं आणि म्हणाली, "आबा, मला जमत नाही. राजाचं भाषण तुम्हीच करून दाखवा ना."

आबा खुशीत मधोमध उभे राहिले. "प्रजाजनहो!" म्हणताच मागून ओरडा झाला, "पाठ!" आबा वळले. "आता इकडं पाठ!" आबा गरगर फिरले, फेटा कानावर आला.

"अगं, मग पाठ ठेवू कुठं?"

"घरी ठेवून या, आबा. नाहीतर नियम तरी ठेवून या."

आबा पोट धरून हसले. नियम त्यांनी तिथल्या तिथे मोडीत काढला, जाईची राणी कायम ठेवली. म्हातारा हटवादी खरा, पण शब्दाचा पक्का. स्वतःची पाठ दिसली होती, म्हणून राजाची भूमिका त्यांनी सोडली.