भोंगा वाजत असताना

मोहितेसाहेबांनी बंगल्यावर चोर पकडायचा भोंगा बसवला. मांजराने उडी मारली तरी तो अर्धा तास बोंबलायचा. समोरच्या रेवतीची आई रुग्णालयात रात्रपाळी करून दिवसा झोपायची. महिनाभर तिला सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. परवा तर घरी येताना स्कूटीवरच तिचा डोळा लागला, थोडक्यात वाचली. आम्ही बाकीचे नुसते कुरकुरत होतो.

कॉलनीच्या बैठकीत रेवतीने विषय काढला. अध्यक्ष अर्थात मोहितेसाहेबच.

"पोरी, सुरक्षा काय असते ते मला शिकवू नकोस. भोंगा वाजला की अख्खी कॉलनी धावून येईल. चोराची काय टाप आहे?"

रेवतीने पिशवीतून एक पितळी पाटी काढून टेबलावर ठेवली. पाटीवर साहेबांचं नाव होतं आणि खाली तीन पदव्या.

"काका, काल तुम्ही बाजारात गेलात आणि भोंगा सुरू झाला. तो वाजत असतानाच मी तुमच्या दारावरून ही काढली. चार स्क्रू, वीस मिनिटं."

"आणि कुणी हटकलं नाही?"

"सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. फक्त दाभोळेकाका आले."

"मग?"

"त्यांनी स्टूल धरलं. मी पडेन म्हणून."

दाभोळेकाका खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, पॉलिशला नेतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. आता कुलूप तोडलं तरच भोंगा वाजतो. पाटी रेवतीनेच परत बसवली. या वेळी स्टूल साहेबांनी धरलं होतं, आणि समोर तिची आई झोपली होती म्हणून दोघंही हळू आवाजात बोलत होते.